निळा हायड्रेंजिया गुलाबी का होतो?

प्रश्न: डोंगरी हायड्रेंजियाला (हायड्रेंजिया सेराटा) पहिल्या बहरात निळी फुले होती, यंदा गुलाबी आली. रोप बिघडले का?

उत्तर: रोपाला काही झालेले नाही, मातीचा सामू (आम्ल-अल्कतेचे माप, pH) चढला आहे. जपान-कोरियाच्या डोंगरी जंगलांत हे झुडूप पालापाचोळा कुजलेल्या आम्लधर्मी मातीत वाढते. सामू ५ ते ५.५ असला की मातीतले अ‍ॅल्युमिनियम विरघळते, मुळे ते शोषतात आणि फुलांना निळा रंग येतो. सामू ६.५ च्या पुढे गेला की अ‍ॅल्युमिनियम मातीतच अडकते आणि फुले गुलाबी होतात. कुंडीत हे बहुतेकदा जड (क्षारयुक्त) पाण्यामुळे घडते. हाडांचा चुराही नको, कारण त्यातले स्फुरद (फॉस्फरस) अ‍ॅल्युमिनियमला बांधून ठेवते.

पावसाचे पाणी साठवून घाला. नवी पालवी फुटल्यापासून कळ्या रंग धरेपर्यंत महिन्यातून एकदा, १ लिटर पाण्यात २ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट विरघळवून द्या. त्याआधी माती साध्या पाण्याने भिजवलेली हवीच. कोरड्या मातीत हे द्रावण मुळे जाळते. घाईने मात्रा वाढवू नका. उमललेल्या फुलांचा रंग आता बदलणार नाही, फरक पुढच्या बहरात दिसेल. पांढऱ्या फुलांच्या जातीवर मात्र हा खटाटोप वाया जातो.

प्रश्न: दर हिवाळ्यात छाटणी करतो. पाने भरगच्च येतात, फूल एकही नाही.

उत्तर: छाटणीच नडते आहे. पुढच्या बहराचे डोळे (कोंब) उन्हाळा सरताना त्याच हंगामात वाढलेल्या फांद्यांवर, बहुतेक शेंड्याकडे, तयार होतात. हिवाळ्यात शेंडे कापले की फुलेच कापली जातात. बहर ओसरताच वाळलेला फुलोरा खालच्या पहिल्या जोमदार डोळ्यांच्या जोडीच्या वर कापा, आणि फार जुन्या एक-दोन फांद्या बुडापासून काढा. बाकी झुडपाला हात लावू नका. नत्राचे खत जास्त होत असेल तर तेही आवरा, कारण त्यानेही नुसती पानेच माजतात.

प्रश्न: रोज दुपारी पाने माना टाकतात. पाणी वाढवू का?

उत्तर: आधी बोट ५ सेंटिमीटर मातीत घालून पाहा. ओल असेल तर थांबा. रुंद पानांतून पाणी उडते तितक्या वेगाने मुळे ते पुरवू शकत नाहीत. संध्याकाळी पाने आपोआप सावरतात. सकाळीही ती मलूल असतील तर माती कोरडी पडली आहे किंवा मुळे कुजली आहेत. कुंडी सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी हलवा.