वाचकांचे प्रश्न: एलियाची कोणती गोष्ट?

प्रश्न: वाचनालयात मुलांना ज्यूंच्या भटक्या संदेष्ट्याची, एलियाची गोष्ट सांगायची आहे. कोणती निवडू? – एक शिक्षिका, खानापूर

उत्तर: बाई, गाईचीच सांगा. एलिया आणि रब्बी (ज्यू धर्मगुरू) यहोशुआ एका गरीब जोडप्याकडे मुक्कामाला राहतात. सकाळी त्यांची एकुलती एक गाय मेलेली! पुढे एका कंजूष श्रीमंताची पडकी भिंत एलिया फुकटात उभी करतो. रब्बी चिडतो. इथंच थांबा आणि पोरांना भांडू द्या. एक दुभती गाय गेली की घराचं काय होतं, हे खानापूरच्या पोरांना शिकवावं लागत नाही. मग उलगडा करा: त्या रात्री घरधनिणीचं मरण होतं, ते गाईवर गेलं. भिंतीखाली धन होतं, पण भिंत एलियानंच उभी केल्यानं ते कंजुषाला सापडलं नाही.

कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले ज्यू, आपल्यासारखेच मराठी बोलणारे. ते एलियाच्या नावानं पोहे-खोबऱ्याचा मलिदा करतात, हेही जरूर सांगा. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याचा रथ टेकला, अशी त्यांची श्रद्धा आहे.