वयाच्या ४७ व्या वर्षी बँकेची नोकरी सोडून इस्पितळात चॅप्लेनचं, म्हणजे रुग्णाच्या उशाशी बसून त्याच्या मनाला आणि श्रद्धेला आधार देण्याचं, काम करावं का? हिंदू माणसाला ते जमेल का?

जमेल. नोकरी सोडू नका. उत्तर खरं तर इथेच संपतं. पण तुम्ही पुढे लिहिलंय की म्हापशाला घरचे म्हणतात, ‘हे पाद्र्यांचं काम, आपल्यात असलं काही नसतं.’ हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाकडून इतकी वर्षं ऐकत आलेय की आता गप्प बसवत नाही.

आपल्यात नसतं हे खरंच आहे, पण त्यात मिरवण्यासारखं काय आहे? भटजींना बोलावणं जातं ते माणूस गेल्यावर. तो खाटेवर पडून छताकडे बघत असतो तेव्हा नातेवाईक येतात, शहाळं ठेवतात, ‘कांय जावचें ना, बरें जातलें’ म्हणतात आणि व्हरांड्यात जाऊन डॉक्टरांना नावं ठेवतात.

माझे बाबा दाखल होते तेव्हा शेजारच्या खाटेवर सासष्टीतले एक आजोबा होते. त्यांच्याकडे फादर यायचे. पहिल्यांदा फादरनी तेलाची डबी काढली तसे आजोबा जाम घाबरले. जुन्या लोकांच्या डोक्यात तेल लावणं म्हणजे निघायची वेळ. फादर हसले. म्हणाले, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ते तसं राहिलेलं नाही, हे कुठल्याही गंभीर आजाऱ्यासाठी असतं. बरे होऊन परत आजारी पडलात तर परत लावीन. बाबा कान टवकारून ऐकत होते.

बाबा जन्मभर भजनात पेटी वाजवणारे. म्हणून दादाने त्यांच्या उशाशी मोबाइलवर महामृत्युंजय लावून ठेवला होता, दिवसरात्र, मध्येच साबणाची जाहिरात. एके दिवशी फादर निघाले तर बाबांनीच हात करून त्यांना बोलावलं. म्हणाले, “फादर, तें बंद करपाक सांगात ताका. ताचो सूर लागना.” फादरनी मोबाइलला हात लावला नाही. स्टूल ओढून बसले आणि विचारलं, तुम्ही कुठल्या पट्टीत वाजवायचे? “काळी एक,” बाबा म्हणाले, आणि मग बोलतच राहिले. काय बोलले ते मला कळलं नाही, कारण मी बाहेर गेले होते आणि फादरनी नंतर चकार शब्द सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, धाकट्याला बोलाव. भाटावरच्या नारळांवरून काकांशी अबोला होता, मी शाळेत असल्यापासूनचा. काका आले. दोघं नारळाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, जुन्या सप्ताहांच्या गप्पा मारल्या.

यावर दादाचं म्हणणं काय, तर ‘बाबांना शेवटी पाद्र्याच्या हाती दिलंस.’ अरे, काय दिलं? ना प्रार्थना झाली ना पाणी शिंपडलं. एका माणसाने स्टूल ओढलं, बस्स. तुला तीन आठवड्यांत ते स्टूल दिसलं नाही का?

असो. मी शाळेत मराठी शिकवायचे, पन्नाशी जवळ आली होती, आणि ते स्टूल डोक्यातून जाईना, म्हणून मीही या कामात शिरले. वयाचं म्हणाल तर रुग्णालयातल्या चॅप्लेनच्या प्रशिक्षणाचा पाया घालणाऱ्यांपैकी अँटन बॉइसन हे अमेरिकन धर्मोपदेशक १९२४ साली वूस्टरच्या मनोरुग्णालयात चॅप्लेन झाले, तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावरच होते. आणि त्याच्या काही वर्षं आधी ते स्वतः मनोरुग्ण म्हणून दाखल झालेले. १९२५ पासून त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पुस्तकांतून उठवून वॉर्डात आणलं. लंडनला सिसिली साँडर्स आधी नर्स, मग समाजसेविका, आणि चाळिशीला टेकताना डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचं शुश्रूषागृह, उघडलं. वेदना शरीराची असते तशी मनाची, घरादाराची आणि श्रद्धेचीही असते, हे त्यांनीच डॉक्टरांना ऐकवलं.

शिकायचं तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चॅप्लेनचा विभाग आहे. या प्रशिक्षणात रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून शब्दन्‌शब्द लिहायचं आणि गटापुढे वाचायचं असतं. आपण किती बडबडतो ते तेव्हा कळतं. मला वाटायचं मी शांत बाई आहे! गोव्यात लोटलीला शांती आवेदना सदन आहे, मुंबईतल्या १९८६ च्या हॉस्पिसची शाखा. तिथे जाऊन बघा, बोला. पगाराची आशा धरू नका. तेल लावणं, पापनिवेदन ऐकणं ही कामं फक्त धर्मगुरूंची, त्यात लुडबूड करायची नाही. गीता काखोटीला मारून जायचं नाही. रुग्णाने भटजी मागितला तर भटजी, फादर मागितला तर फादर, मौलवी मागितला तर मौलवी, निरोप पोचवायचा आणि बाजूला व्हायचं. सिस्टरना विचारल्याशिवाय खाटेजवळ फिरकायचंसुद्धा नाही.

दादाची एक शंका मात्र रास्त आहे. आजारी माणूस दुबळा असतो, त्याच्या उशाशी बसून आपला देव खपवणारे लोक असतात, सगळ्याच धर्मांत. तुमच्यात ती खाज असेल तर बँकच बरी. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तरी थांबा, नाहीतर दुसऱ्याच्या खाटेपाशी स्वतःचंच रडाल. बाकी व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा, फॉर्म ड्रॉवरमध्येच ठेवा, वर्षभर शनिवारी जाऊन बघा, आणि घरी आल्यावर बायकोलाही रुग्णाचं नावगाव सांगू नका. म्हापसा लहान आहे.