प्राणिसंग्रहालयात दिसलेलं मांड्यांवर काटे असलेलं मातकट कासव कोणतं?

तुम्ही लिहिलंय की सुट्टीत नाशिकहून मुलीला घेऊन प्राणिसंग्रहालयात गेला होता. पाटीवर ‘स्टार कासव’ होतं, पण आत बसलेल्या कासवाच्या पाठीवर एकही चांदणी नव्हती. रंग सुक्या मातीसारखा, आकार द्राक्षाच्या क्रेटएवढा, मागच्या मांड्यांवर काट्यांसारखं काहीतरी, आणि तुम्ही तिथे होता तेवढा वेळ ते भिंतीच्या कडेला माती उकरत होतं. मुलीने विचारलं, हे आपल्या गंगेतलं, म्हणजे गोदावरीतलं, कासव का? आणि तुम्हाला सांगता आलं नाही.

ते सुलकाटा आहे. आफ्रिकेतलं, सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठाला सेनेगलपासून इथिओपियापर्यंत जो कोरडा पट्टा आहे, तिथलं. जाळीतून लांबून काढलेला तुमचा फोटो धूसर आहे, पण मांड्यांवरचे काटे तुम्ही स्वतः पाहिलेत आणि माझ्यासाठी तिथेच निकाल लागला. शेपटीच्या दोन्ही बाजूंना, मांडीच्या मागच्या भागावर दोन-तीन जाड, टोकदार सुळके असतात. इतके ठळक काटे फार थोड्या कासवांना असतात.

बाकीच्या खुणाही जुळतात. सुलकाटाची पाठ वरून जरा चपटी असते, घुमटासारखी उंच नसते. कवचाचा पुढचा आणि मागचा काठ करवतीसारखा दातेरी आणि किंचित वर वळलेला असतो. तुमच्या फोटोत मागचा काठ तसाच दिसतोय. प्रत्येक खवल्यावर एकात एक खोल चर असतात. लॅटिनमध्ये चराला ‘सुल्कस’ म्हणतात, त्यावरूनच हे नाव पडलं. या चरांवरून वय मोजायला मात्र जाऊ नका. भरपूर खायला मिळालेल्या कासवाला एका वर्षात दोन-तीन चरही पडतात, आणि म्हातारपणी ते झिजून जातात.

आता स्टार का नाही ते सांगतो. पाटीवर लिहिलंय म्हणून ते बरोबर, असं धरून चालू नका. पिंजऱ्यातला प्राणी बदलतो, पाटी तशीच राहते. हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय. स्टार कासवाच्या प्रत्येक खवल्यावर मध्ये पिवळा ठिपका आणि त्यातून निघणारे पिवळे किरण असतात, काळ्या पार्श्वभूमीवर. पण एकट्या नक्षीवर विसंबू नका, कारण वय वाढलं की ती पुसट होते. आकार बघा. स्टारची मादी नरापेक्षा मोठी, तरी ती फूटभर झाली म्हणजे डोक्यावरून पाणी. तुम्ही पाहिलेलं कासव त्याच्या दुप्पट होतं. पूर्ण वाढलेला सुलकाटा नर भरलेल्या कांद्याच्या गोणीइतका भरतो, म्हणजे पन्नास किलो, आणि काही तर त्याहून खूप जड होतात. गॅलापागोस आणि अल्डाब्रा या बेटांवरची महाकाय कासवं सोडली तर जगात यापेक्षा मोठं जमिनीवरचं कासव नाही.

अल्डाब्राची शंका येऊ शकते, कारण तेही प्राणिसंग्रहालयात असतं. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात २००६ साली मरण पावलेला ‘अद्वैत’ अल्डाब्राच होता. पण त्याचा रंग काळपट राखाडी असतो, मान लांब असते आणि मांड्यांवर काटे नसतात. शिवाय मानेच्या बरोबर वर, कवचाच्या पुढच्या काठाच्या मधोमध अल्डाब्राला सहसा एक छोटा अरुंद खवला असतो. सुलकाटाला त्या जागी नुसती खाच असते. लेपर्ड नावाचं आणखी एक आफ्रिकी कासव आहे, त्यालाही मांडीवर बारीक टेंगळं असतात. पण त्याची पाठ उंच असते आणि तिच्यावर काळे शिंतोडे उडवल्यासारखे डाग असतात. तुमच्या फोटोत डाग नाहीत.

नक्षी किंवा पाठीचा आकार बघून माणूस कसा फसतो, हे मी एकदा फार जवळून पाहिलं. मी नाशिकमध्ये बरीच वर्षं साप-कासवं सोडवायच्या कामात मदत करतो. सिडकोतल्या एका घरून फोन आला की आमच्याकडे कुठलंतरी परदेशी कासव आहे, येऊन बघा. गेलो. न्हाणीघरात निळा प्लास्टिकचा टब, त्यात चार बोटं पाणी, आणि पाण्यात मान ताणून, पुढचे पाय टबाच्या भिंतीला टेकवून एक कासव उभं. पाठीवरचा एकेक खवला सीताफळाच्या डोळ्यासारखा वर आलेला. मी ते उचललं, कपड्याने पुसलं आणि पोटाकडून पाहिलं. पिवळट पोटावर काळे किरण अगदी स्वच्छ होते. ते साधं आपलं भारतीय स्टार कासव होतं. लहानपणी ते बुटांच्या खोक्यात, कोरड्या हवेत, भात आणि ब्रेडवर वाढवलेलं. अशा वाढीत कवचाला हे उंचवटे येतात आणि ते पुन्हा बसत नाहीत. नंतर कुणीतरी त्यांना सांगितलं की कासव पाण्यात राहतं, म्हणून त्यांनी ते टबात ठेवलं होतं. पोहता न येणारा प्राणी दिवसरात्र पाण्यात उभा होता. त्या घरातल्या आजी वाईट नव्हत्या. रोज सकाळी त्याला हळद-कुंकू लावायच्या, घरात लक्ष्मी येते म्हणून. आम्ही वनखात्याला बोलावून ते त्यांच्या ताब्यात दिलं, तेव्हा त्या दारात उभ्या राहून रडल्या.

यात आपल्या भाषेचाही थोडा भाग आहे असं मला वाटतं. जमिनीवरचं, नदीतलं, समुद्रातलं, सगळ्यांना आपण एकच शब्द वापरतो, कासव. देवळात गाभाऱ्यासमोरचं दगडीही कासवच. म्हणून पाय बघायची सवय लावा. हत्तीच्या पायासारखे खांब आणि बोथट नखं असतील तर ते जमिनीवरचं. बोटांमध्ये पडदे असतील तर पाण्यातलं. मुलीला हे एवढं जरी शिकवलंत तरी ती पुढे चुकणार नाही.

तिच्या प्रश्नाचं उत्तर आता सोपं होतं. आपल्या गंगेत, म्हणजे गोदावरीत, पाटात आणि विहिरीत साधारणपणे जे सापडतं ते मऊ पाठीचं, चपटं कासव. त्याच्या पाठीला खवले नसतात, कातडं असतं, आणि पोटाखाली मागच्या पायांवर झाकण लावता येईल अशा झडपा असतात. पाय आत घेतले की तो झडपा मिटतो. बोट लावायला गेलात तर मान लांबवून कडकडून चावतो, हे मुलीला आधीच सांगून ठेवा. सुलकाटा मात्र पाण्यात टाकला तर बुडेल.

माती उकरण्याबद्दल तुम्ही काळजीने विचारलंय, त्याला तिथून बाहेर पडायचंय का म्हणून. तो त्याचा स्वभाव आहे. त्याच्या देशात दुपारी जमीन भाजते, तेव्हा तो पुढच्या पायांनी कित्येक फूट खोल बोगदा खणतो आणि आतल्या गार, दमट हवेत पडून राहतो. ऊन फारच झालं तर तोंडातली लाळ पुढच्या पायांना लावून घेतो, तेवढाच गारवा. म्हणून पिंजऱ्यात त्याला माती मिळाली आणि तो ती उकरतोय, हे मला तरी चांगलं लक्षण वाटतं. खाली सिमेंट असलं की मला त्याची जास्त काळजी वाटते. दुसरी चिंता थंडीची. हा प्राणी हिवाळी झोप घेत नाही. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो तशा रात्री त्याला उबदार, कोरडा निवारा लागतोच.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ओळखीतला मुलगा म्हणतोय की असं पिल्लू मिळतं, घ्यावं का? घेऊ नका, ही मनापासून विनंती. पिल्लू तळहातावर मावतं, खेळण्यासारखं दिसतं. दहा-पंधरा वर्षांत ते भिंत ढकलायला लागतं, आणि तुमच्या मुलीच्या मुलांपर्यंत जगू शकतं. मोठी झालेली ही कासवं मग कुणालाच नको असतात, आणि प्राणिसंग्रहालयात आधीच जागा कमी. आफ्रिकेत जंगलातली त्यांची संख्या इतकी घटली आहे की ती आता संकटग्रस्त गणली जातात. कायद्याचंही आहे: अशा परदेशी प्रजाती पाळणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आणि तो मुलगा सुलकाटा म्हणून स्टारचं पिल्लू देत असेल तर तो सरळ गुन्हा आहे. स्टार २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कुणी विकताना दिसलं तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पुन्हा तिकडे गेलात तर दोन फोटो काढा, एक शेपटीकडून मांड्या दिसतील असा आणि एक समोरून, मानेच्या वरचा कवचाचा काठ दिसेल असा. हनुवटीखाली, पोटाच्या कवचाच्या टोकाला दोन शिंगांसारखी फाटलेली चोच पुढे आलेली दिसते का तेही बघा. ती लांब असेल तर नर असण्याची शक्यता जास्त. आणि तिथल्या रखवालदाराला पाटी चुकीची असल्याचं नक्की सांगा. मुलीलाच सांगू द्या.