ट्रॅक्टरला स्पार्क प्लग नसतो, मग डिझेल पेटतं कशानं? आणि किल्ली काढली तरी जुना ट्रॅक्टर चालूच का राहतो?

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. डिझेल इंजिनात ठिणगी लागतच नाही. आत हवा एवढी दाबली जाते की ती दाबानंच तापते, आणि तिच्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. मी सोलापुरात डिझेलच्या पंप-नोझलचं (डिझेल दाबून आत फवारणाऱ्या भागांचं) काम करतो, त्यामुळे जरा खोलात सांगतो.

पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, वर येताना दाबतो, पेटलं की जोरात खाली ढकलला जातो, परत वर येताना धूर बाहेर काढतो. क्रँकचे, म्हणजे पिस्टन जो दांडा फिरवतो त्याचे, दोन फेरे होतात तेव्हा ताकदीचा धक्का एकदाच मिळतो. बाकीचं सगळं फ्लायव्हीलच्या जोरावर निघतं, म्हणून एका सिलेंडरच्या इंजिनाला तेवढं जड चाक लागतं. इथपर्यंत पेट्रोल आणि डिझेल सारखंच.

फरक पडतो तो आत काय ओढलं जातं यात. बहुतेक पेट्रोल इंजिनांत हवेबरोबर पेट्रोलही आत जातं. असं मिश्रण फार दाबलं तर नॉकिंग होतं, म्हणजे ते एकदम भडकून आत ठोके बसतात, कधी प्लगच्या आधीच भडकतं. म्हणून तिथं साधारण १० पटींवर थांबावं लागतं. डिझेलमध्ये नुसती हवाच जाते, तिला १६ ते १८ पट दाबली तरी आत पेटायला काही नसतं. हवा ५०० अंशांच्या वर जाते आणि डिझेलला पेटायला अडीचशेच्या आसपास पुरतात. पिस्टन वर पोचता पोचता नोझल फवारा मारतो, की झालं. रुडॉल्फ डिझेलनं जर्मनीत ऑग्सबर्गला १८९७ साली असं इंजिन चालवून दाखवलं.

पटत नसेल तर विहिरीवरचं हँडलचं ऑइल इंजिन कोणी चालू करताना बघा. मोहोळ, मंगळवेढ्याकडं अजून एखादं सापडेल. आधी डिकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलतात, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि हँडल हलकं फिरतं. चाकानं वेग घेतला की लिव्हर खाली सोडायचा. हवा कोंडली जाते, दाबली जाते आणि इंजिन धडधडायला लागतं. ना बॅटरी, ना वायर.

आपल्याकडं एप्रिलमध्ये पारा ४० च्या वर असतो तेव्हा हेच इंजिन पटकन लागतं, आणि डिसेंबरच्या पहाटे घाम काढतं. आत येणारी हवाच गार असली की दाबल्यावरही ती तेवढी तापत नाही. बाहेरचा २५ अंशांचा फरक आत दुपटीहून जास्त होतो. त्यात पिस्टनच्या कडेच्या रिंगा झिजलेल्या असतील तर दाब बाजूनं निसटतो, डिझेल न पेटताच पांढऱ्या धुरासारखं बाहेर पडतं. अशा वेळी लोक नोझल बदलायला माझ्याकडे येतात. माझं गिऱ्हाईक जातं, पण मी आधी कॉम्प्रेशन बघायला सांगतो.

काही गाड्यांना हीटर प्लग असतो, त्याला स्पार्क प्लग समजू नका. तो चालू करताना आतली जागा तापवतो, बाकी काही नाही.

आता किल्लीचं. पेट्रोल गाडीची किल्ली फिरवली की ठिणगी बंद, गाडी बंद. जुन्या ट्रॅक्टरला वीज लागते ती सेल्फ मारायला आणि दिव्यांना. डिझेलचा पंप इंजिनच फिरवतं, त्यामुळे डिझेल जात राहतं आणि इंजिन चालत राहतं. म्हणून वेगळा स्टॉपचा दांडा ओढून डिझेल तोडावं लागतं.

टर्बोचं (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचं) सील फुटून इंजिन स्वतःचंच ऑइल प्यायला लागलं तर दांडा ओढूनही थांबत नाही, वेग वाढतच जातो. तेव्हा हवेची वाट बंद करणं हाच इलाज. हात किंवा फडकं लावू नका, आत ओढलं जाईल; जाड सपाट फळी दाबून धरा. आणि तेही जमण्यासारखं नसेल तर सरळ लांब व्हा, इंजिन गेलं तर जाऊ दे.