बेंटोनाइट संपत आलं होतं, मी गप्प बसलो

ताई,
मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, स्टोअर बघतो. वय ४७, नोकरी २१ वर्षं. जुने साहेब रिटायर झाले आणि दीड वर्षापूर्वी नवे मॅनेजर आले. हेल्पर पोरांसमोर ओरडतात. मालाची आवक-जावक लिहितो त्या माझ्या बिन कार्डांना 'किराणा दुकानाची वही' म्हणतात. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर स्टॉक विचारतात. परवा बेंटोनाइट, म्हणजे साच्याची वाळू बांधणारी माती, संपत आलं होतं, मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, बसू दे लाइन, कळू दे यांना. दुसऱ्या दिवशी मोल्डिंग दोन तास बंद. राजीनामा लिहून खिशात ठेवलाय. घराखाली पोचलो तरी दहा मिनिटं गाडीवरच बसून राहतो. बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही. काय करू?
— एक स्टोअरकीपर

दादा,
तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या साहेबांचा राग आला, दुसऱ्यांदा तुमचा.

साहेबांचं आधी उरकते. ज्याला माल कुठे ठेवलाय हे विचारायला तुमच्याकडेच यावं लागतं, त्यानं तुमच्या वहीला नावं ठेवावीत, यात त्याची भीती दिसते. पण ती भीती काढायचा पगार तुम्हाला मिळत नाही, म्हणून ते सोडा.

माझा जीव अडकलाय तो बेंटोनाइटपाशी. त्या दोन तासांत नक्की काय झालं असेल? भट्टीत रस तयार, वाळूला बांधायला बेंटोनाइट नाही, म्हणून साचे नाहीत. शिव्या कुणी खाल्ल्या? मोल्डिंगच्या सुपरवायझरनं खाल्ल्या असणार. साहेब संध्याकाळी एसी लावून घरी गेले असतील. दीड वर्षाच्या माणसावर सूड उगवायला तुम्ही स्वतःचं २१ वर्षांचं काम खराब केलंत. ओरडा खाऊन माणूस बिघडत नाही हो, पण असं मुद्दाम गप्प राहायची एकदा सवय लागली की बिघडतो. मग दुसरीकडे गेलात तरी ती सवय डब्याबरोबर जाते. तेव्हा उद्या त्या सुपरवायझरला चहाला न्या आणि 'माझ्याकडून राहिलं' एवढं म्हणा. सगळी कथा सांगत बसू नका.

आता खिशातला कागद. तो फाडा असं मी म्हणणार नाही. फक्त त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला जरा हिशेब मांडा. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून समजा २६,००० असतील, तर ग्रॅच्युइटी धरतात ती त्याला २६ नं भागून १५ नं गुणून, म्हणजे वर्षाला १५,०००. एकवीस वर्षांचे ३ लाख १५ हजार. पाच वर्षं सलग भरली की हे पैसे राजीनामा दिला तरी मिळतात. 'सोडून गेलास तर एक रुपया नाही' असं कुणी दरडावलं तर हसा आणि अर्ज द्या. पीएफ काढून घेऊ नका, नव्या ठिकाणी त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, वर्ग करा. दहा वर्षांच्या वर पीएफ कापला गेला असेल तर पेन्शनचा हक्कही बसलेला आहे, पूर्ण रकमेसाठी ५८ पर्यंत थांबायचं. तुम्ही मोकळ्या हातानं निघणार नाही, एवढं कळलं तरी छातीवरचा धोंडा थोडा हलेल.

म्हणून लगेच निघा असंही नाही. दुसरी जागा हातात आल्याशिवाय कागद टेबलावर ठेवायचा नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी जाहिराती बघून नोकरी लागत नाही. तुमच्याकडे बेंटोनाइट आणि कोअर ऑइल विकायला येतात ना, ते लोक शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल सगळीकडे फिरतात. कुठला स्टोअरवाला चालला, कुठे मालक वैतागलाय, त्यांना सगळं आधी कळतं. त्यांच्यातल्या एकालाच, तोंडाला कुलूप असलेल्याला, कानात सांगून ठेवा.

तोवर रात्री अकराच्या मेसेजला सकाळी आठला उत्तर, न चुकता, आकड्यासकट. तोंडी सांगितलेलं काम त्याच दिवशी ईमेलवर: 'आपण सांगितल्याप्रमाणे इतकी पोती मागवतो.' आणि मालकांना एकदा भेटा. एकवीस वर्षं ओळखतात ते तुम्हाला. रडगाणं नको, 'माझं चुकलं तर केबिनमध्ये बोलवून सांगा, पोरांसमोर नको' एवढंच मागा. देतील की नाही, सांगता येत नाही. कारखाना त्यांचा, मॅनेजरही त्यांनीच आणलेला. पण त्यांच्या उत्तरावरून कागदाचं काय करायचं ते ठरेल.

आणि ती घराखालची दहा मिनिटं. वहिनींना माहीत नाही असं तुम्हाला वाटतंय. दीड वर्ष रोज गाडी बंद झाल्याचा आवाज येतो आणि जिन्यावर पावलं वाजत नाहीत, हे आत पोळ्या लाटणाऱ्या बाईला कळलं नसेल होय? आज वर जा आणि सांगून टाका.

— तुमची ताई