रोजचा योगाभ्यास : खाडे, गोळ्या आणि गुडघे

रोज योगासनं करायचा निश्चय केलेल्या वाचकांची पत्रं येतात, तेव्हा शंका बहुतेक त्याच असतात. कुठेतरी ऐकलेलं, कुणीतरी पाठवलेलं आणि डॉक्टरांना विचारायचं राहून गेलेलं. म्हणून या वेळी काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : 21 दिवसांत सवय लागते असं ऐकून मी पैसे भरून ऑनलाइन चॅलेंज घेतलं. बाराव्या दिवशी मुलीला ताप आला आणि खाडा पडला. आता पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करा, नव्याने फी भरा, असं सांगतात. तसंच करावं लागतं का?

उत्तर : अजिबात नाही. फी भरू नका, उद्या सकाळी तेराव्या दिवसाचा अभ्यास करा. हा 21 चा आकडा 1960 साली मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे 'किमान' गळून पडलं आणि आकडा विकायला सोयीचा झाला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी रोजच्या साध्या सवयी तपासल्या, तेव्हा त्या अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. माणसामाणसांत फरकही मोठा होता, 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्यामुळे फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. पतंजलींनी अभ्यास पक्का होण्यासाठी दीर्घकाळ, सातत्य आणि आदर सांगितला आहे. दिवस मोजून दिलेले नाहीत.

खाडा पडला म्हणून सगळंच सोडून देणारी माणसं मी फार पाहते आणि दर वेळी वाईट वाटतं. रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला अभ्यास जोडून घ्या. दात घासले की लगेच चटई. सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. ज्या दिवशी तेवढंही जमत नाही, त्या दिवशी ताडासन करून चार संथ श्वास घ्या, पण चटईवर उभं राहणं चुकवू नका.

प्रश्न : सकाळी करावं की संध्याकाळी?

उत्तर : जी वेळ तुम्हाला रोज मिळते ती.

प्रश्न : पोट पूर्ण रिकामंच हवं का? मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत.

उत्तर : भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत, हा सर्वसाधारण नियम. तुम्हाला तो जसाच्या तसा लागू नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम केला तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबा, साखर तपासा आणि काहीतरी गोड घ्या. अभ्यासाआधी काय खायचं आणि गोळी कधी घ्यायची, हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून आणा.

प्रश्न : महागडी मॅट, ब्लॉक, पट्टा हे सगळं लागतं का?

उत्तर : नाही. घसरणार नाही अशी चटई आणि घडी घातलेलं एक ब्लँकेट बास.

प्रश्न : वय 52. ब्लडप्रेशरची गोळी चालू होती. व्हिडिओ बघून दोन महिने रोज पाचशे स्ट्रोक कपालभाती करतो. प्रेशर नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद केली. कपालभाती करताना बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. ही ऊर्जा जागृत झाल्याची खूण आहे, असं ग्रुपवर सांगतात. बरोबर आहे ना?

उत्तर : यातलं काहीही बरोबर नाही. हा अंक हातातून खाली ठेवा आणि आजच डॉक्टरांना फोन करा, बाकीचं नंतर वाचा.

आधी मुंग्यांचं सांगते. जोरजोरात श्वास बाहेर फेकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्याने मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं हलकं वाटतं. ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात त्या याचमुळे. शरीर 'थांब' म्हणतं आहे. शिवाय कपालभातीत पोटाला दर सेकंदाला झटका बसतो, छातीतला दाब वरखाली होतो. म्हणून उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, फिट्स येणं आणि गर्भारपण यांत आम्ही शिक्षक कपालभाती आणि भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोरात श्वास घेणं-सोडणं) देत नाही, श्वास कोंडायलाही सांगत नाही. समोर शिक्षक असता तर त्याने पहिल्याच दिवशी तुम्हाला विचारलं असतं. व्हिडिओ विचारत नाही. त्याला फक्त आकडा वाढवायचा असतो, आज पाचशे, उद्या हजार.

आता गोळी. प्रेशर नॉर्मल आलं ते गोळी चालू असताना. गोळी काम करत होती म्हणून ते नॉर्मल आलं. योगाभ्यासाने, विशेषतः संथ श्वसनाने आणि शवासनाने, रक्तदाब थोडा उतरतो हे मी मानते आणि रोज शिकवते. काहींचा डोसही कमी होतो. तो डॉक्टर कमी करतात, नोंदी पाहून, हळूहळू. काही गोळ्या अचानक सोडल्या तर दाब आणि नाडी उसळी मारतात. वाढलेला दाब दुखत नाही, म्हणून तुम्हाला तो कळणारही नाही. आणि पुढे पक्षाघात होतो, मूत्रपिंडं जातात.

मोजायचं कसं तेही सांगते, कारण धावपळीत घेतलेला आकडा फसवतो. अर्धा तास आधी चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. दंड उघडा, त्यावर यंत्राचा पट्टा हृदयाच्या उंचीवर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ नोंद करा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. गोळीचं काय करायचं ते मात्र त्यांना आजच फोनवर विचारा, वही भरण्याची वाट पाहू नका. कपालभाती आजपासून बंद.

प्रश्न : पद्मासन घालताना उजवा गुडघा सहा महिने दुखतो. रेटत राहिलं की सुटेल ना?

उत्तर : रेटू नका. पद्मासनात मांडी खुब्यातून बाहेरच्या बाजूला वळावी लागते. खुबा वळला नाही की तो पीळ गुडघ्यावर येतो आणि तिथली कूर्चा दुखावते. ब्लँकेटच्या घडीवर किंवा खुर्चीत बसा. प्राणायामाला पद्मासनाची अट नाही. पण सहा महिने थांबलात कशाला? सूज येत असेल, गुडघा अडकत असेल किंवा जिना उतरताना दगा देत असेल, तर याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : रोज वीस मिनिटं आसनं केली तर वजन उतरेल का?

उत्तर : फारसं नाही. संथ आसनांत ऊर्जा कमी खर्च होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. भरभर चालणं जोडा, खाणं बघा. खाण्या-वागण्यात काही बदल नसताना वजन वाढत असेल तर थायरॉइड तपासून घ्या.

प्रश्न : सासूबाई 68 वर्षांच्या आहेत, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान आहे. त्यांना माझ्यासोबत पश्चिमोत्तानासन करायचं आहे. चालेल?

उत्तर : नाही. पाठीचा कणा गोल करून पुढे वाकल्याने ठिसूळ मणके दबून मोडू शकतात. जोराचे पीळही टाळा. खुर्ची धरून उभ्याने ताडासन, टाचा उचलणं, भिंतीजवळ तोल सांभाळणं हे त्यांच्यासाठी जास्त मोलाचं, कारण पडणं टळतं. हाडांच्या डॉक्टरांना आणि प्रत्यक्ष शिकवणाऱ्या शिक्षकाला रिपोर्ट दाखवूनच सुरू करा. त्यांची इच्छा मात्र मोडू नका.

प्रश्न : काचबिंदूचे थेंब चालू आहेत. शीर्षासन थोडा वेळ केलं तर?

उत्तर : थोडा वेळही नको. शीर्षासनात डोळ्यांतला दाब जवळजवळ दुप्पट होतो. अधोमुख श्वानासनातही (हात-पाय टेकून कंबर वर, डोकं खाली) तो वाढतो. नेत्रतज्ज्ञांना विचारेपर्यंत डोकं खाली जाणारं प्रत्येक आसन बाजूला ठेवा, यादी करून त्यांच्याकडे न्या आणि थेंब चुकवू नका.