पराभवानंतरची वर्षे: चरित्रलेखन करू इच्छिणाऱ्या तरुण स्नेह्यास पत्र

प्रिय स्नेही,

सप्रेम आशीर्वाद.

युरोपातील अराज्यवादी आणि परिषदवादी कम्युनिस्ट कार्यकर्त्यांवरील लेखमालेचा तुझा आराखडा बारकाईने वाचला. कामगारांनी पक्षाच्या किंवा राज्यसंस्थेच्या हुकमाखाली नव्हे, तर स्वतःच्या परिषदांतून कारभार चालवावा, या विचारासाठी आयुष्य वेचणाऱ्या या माणसांविषयी मराठी वाचकाला फारशी माहिती नाही, म्हणून तुझे काम मला मोलाचे वाटते. आक्षेप एकच आहे, पण तो मोठा आहे. तुझ्या आराखड्यात जवळजवळ प्रत्येकाची गोष्ट मरणापाशी संपते. जर्मन अराज्यवादी लेखक गुस्ताव लांडाउअर मे 1919 मध्ये म्युनिकच्या स्टाडेलहाइम तुरुंगात मारले जातात, स्पेनचे अराज्यवादी लढवय्ये दुरुती नोव्हेंबर 1936 मध्ये माद्रिदच्या लढाईत पडतात, आणि लेख आटोपतो. हुतात्म्यांच्या कथा सांगण्याची आपल्याला जुनी सवय आहे, त्यामुळे लेखणी आपसूक त्या वाटेला लागते. परंतु या चळवळीतील कितीतरी माणसे क्रांतीच्या पराभवानंतर तीस-चाळीस वर्षे, काही तर त्याहूनही अधिक जगली. त्यांनी पोटापाण्याचे काम केले आणि विचार सोडला नाही. तुझ्या लेखमालेचा कणा ही वर्षे असली पाहिजेत.

यान आप्पेल यांना तू दोनच ओळी दिल्या आहेस. 1890 साली मेक्लेनबुर्गमध्ये जन्मलेले हे हँबर्गच्या जहाजबांधणीतील कामगार. एप्रिल 1920 मध्ये जर्मनीत कम्युनिस्ट कामगार पक्ष स्थापन झाला, तेव्हा मॉस्कोला जाऊन तिसऱ्या इंटरनॅशनलपुढे, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेपुढे, बाजू मांडण्याचे काम त्यांच्यावर आणि लेखक फ्रान्झ युंग यांच्यावर सोपवण्यात आले. खलाशी साथींच्या मदतीने ‘सेनाटोर श्र्योडर’ हे मासेमारीचे जहाज ताब्यात घेऊन ते मुर्मान्स्कला पोहोचले. पुढे मॉस्कोत खुद्द लेनिन यांनी, त्यांच्या पक्षासारख्या अतिडाव्या प्रवृत्तीवर टीका करणाऱ्या आपल्या नव्या पुस्तिकेतील उतारे त्यांना वाचून दाखवले. हा प्रसंग तू रंगवावास, यात वाद नाही. मला मात्र त्यानंतरची हकिकत अधिक वजनदार वाटते. जहाज पळवल्याच्या आरोपावरून 1923च्या अखेरीस त्यांना अटक झाली आणि ते 1925च्या अखेरीस सुटले. त्या काळात कोठडीत त्यांनी मार्क्सच्या ‘कॅपिटल’चा अभ्यास केला आणि एक अवघड प्रश्न हाती घेतला: क्रांती यशस्वी झालीच, तर उत्पादनाचा हिशेब कोणी ठेवायचा आणि कोणत्या मापाने? 1926 मध्ये ते हॉलंडमधील झान्डामला गेले, पुन्हा जहाजबांधणीत कामाला लागले, आणि हेंक काने मेयर यांच्यासारख्या डच साथींबरोबर त्यांनी या प्रश्नाचे उत्तर तडीस नेले. ते 1930 साली पुस्तकरूपाने छापले गेले. पैसा नको आणि वरून नियोजन करणारी मध्यवर्ती यंत्रणाही नको; प्रत्येक वस्तूसाठी लागणारे सरासरी श्रमतास मोजावेत आणि तो हिशेब सर्वांसमोर उघडा असावा, म्हणजे कामगारांना स्वतःच्या उत्पादनावर ताबा ठेवता येईल, असा त्याचा गाभा आहे. रशियात मालक गेले, पण कारखाने कामगारांच्या हाती आले नाहीत, हे प्रत्यक्ष पाहून आलेल्या माणसाचे ते उत्तर आहे. 1933 नंतर जर्मनीने त्यांना परत मागितले, म्हणून ते दुसऱ्या नावाने भूमिगत राहिले आणि युद्धकाळात नाझीविरोधी प्रतिकारात उतरले. 1948 मध्ये एका अपघातामुळे त्यांची खरी ओळख उघडी पडली, तेव्हा राजकारणापासून दूर राहण्याच्या अटीवर त्यांना हॉलंडमध्ये राहू देण्यात आले. त्यांचे निधन 1985 साली झाले. दोन ओळींत मावणारे हे आयुष्य नव्हे.

आंतोन पानेकूक यांच्याविषयी तू ‘खगोलशास्त्रज्ञ आणि क्रांतिकारक’ असे लिहून पुढे गेला आहेस की काय, अशी शंका आली. या दोन्ही कामांची किंमत त्यांनी कशी मोजली, ते दाखव. 1906 मध्ये वेधशाळेची नोकरी सोडून ते बर्लिनला समाजवादी पक्षाच्या शाळेत शिकवायला गेले, आणि हद्दपारीची धमकी मिळाल्यावर लेखन आणि व्याख्यानांवर भागवू लागले. युद्ध सुरू झाल्यावर ते हॉलंडला परतले आणि तेथे शाळामास्तर झाले. 1919 मध्ये लायडन वेधशाळेत त्यांची नेमणूक व्हायची होती, ती राजकीय मतांमुळे सरकारने होऊ दिली नाही. अॅम्स्टरडॅम विद्यापीठाने मात्र त्यांना जागा दिली, आणि तेथे त्यांनी खगोलशास्त्राची संस्था उभी केली. आकाशगंगेचा कमीअधिक उजेड नुसत्या डोळ्यांनी पाहून ते तिचे तपशीलवार नकाशे काढत असत. दक्षिणेकडचा भाग पाहण्यासाठी ते 1926 मध्ये जावापर्यंत गेले. कामगार परिषदांवरील त्यांचा ग्रंथ जर्मन ताब्यातील हॉलंडमध्ये लिहिला जात होता, आणि तो 1946 साली टोपणनावाने प्रसिद्ध झाला. 1944 साली त्यांनी आठवणी लिहिल्या, त्याही वेगवेगळ्या: चळवळीच्या निराळ्या आणि खगोलशास्त्राच्या निराळ्या. या विभागणीवर थांबून विचार कर. माझ्या मते त्यांच्या स्वभावाची किल्ली तिच्यात आहे.

जर्मन अराज्यवादी रुडोल्फ रॉकर यांच्या लेखात मिली विटकोप यांना ‘सहचारिणी’ म्हणून एका वाक्यात उरकू नकोस. शिवणकामाच्या कारखान्यात राबलेली ही युक्रेनमधील ज्यू कामगार स्त्री स्वतःच्या बळावर कार्यकर्ती होती. 1898 मध्ये दोघे न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा कायदेशीर विवाह करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना परत पाठवण्यात आले. ज्यू नसलेले रॉकर लंडनच्या ईस्ट एंडमध्ये यिद्दिश ही पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा शिकले आणि त्या भाषेतील नियतकालिकाचे संपादक झाले. 1912 मध्ये तेथील शिंप्यांचा संप यशस्वी झाला, आणि त्याच सुमारास संपावर असलेल्या गोदी कामगारांची 300हून अधिक मुले ज्यू कुटुंबांनी आपल्या घरी सांभाळली. माझ्या लेखी ही घटना दहा जाहीरनाम्यांच्या तोडीची आहे.

मारिनुस व्हान डेर लुबे याच्याविषयी लिहिताना मन खंबीर ठेव. लायडनचा हा गवंडी चुन्याने डोळे अधू झालेला होता. राइशस्टागला, म्हणजे बर्लिनच्या संसद भवनाला, लावलेल्या आगीबद्दल 10 जानेवारी 1934 रोजी, पंचविशी पूर्ण होण्याच्या तीन दिवस आधी, त्याचा शिरच्छेद झाला. मॉस्कोला मानणाऱ्या अधिकृत कम्युनिस्टांनी त्याला नाझींचे हस्तक ठरवले. डच परिषदवादी साथींनी त्याची पत्रे आणि दैनंदिनीतील भाग छापून त्याची बाजू मांडली. त्याची कृती योग्य होती असे तू म्हणावेस, अशी माझी अपेक्षा नाही. तिचा फायदा हिटलरने उठवला, हेही तुला लिहावेच लागेल. त्याच्यावरील खोट्या आरोपाला मात्र पुन्हा जागा मिळू नये.

एक नाव तुझ्या यादीत हवेच: मंडयम पार्थसारथी तिरुमल आचार्य. ताश्कंदमध्ये 1920 साली भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत सहभागी झालेले आचार्य पुढे बर्लिनमध्ये अराज्यवादाकडे वळले, 1935 मध्ये मुंबईत आले आणि येथूनच युरोपातील अराज्यवादी नियतकालिकांना लेख पाठवत राहिले. त्यांच्या पत्नी, चित्रकार माग्दा नाख्मान, 1951 मध्ये मुंबईतच वारल्या, आणि आचार्य 1954 मध्ये. तुझी मालिका मराठीत निघणार आहे, तेव्हा त्यांच्या मुंबईतील वर्षांचा शोध घेणे हे तुझे कर्तव्यच आहे.

कागदपत्रांसाठी अॅम्स्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेपासून सुरुवात कर. 1935 साली स्थापन झालेल्या या संस्थेकडे अराज्यवादाचे इतिहासकार माक्स नेट्लाउ यांचा आयुष्यभर जमवलेला संग्रह आहे. सगळे लेख एकदम लिहायला घेऊ नकोस. आप्पेल यांची 1926 ते 1948 ही वर्षे आधी लिही, आणि तेवढाच मजकूर मला पाठव.

कळावे. लोभ असावा.